शहाण्णव अर्धच्छेदांची संख्या

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीचा, दानशूर पूर्वजांचा आणि साधु-साध्वींच्या चातुर्मासांचा आलेख येणे स्वाभाविकच आहे. प्रस्तुत लेखात मात्र आपल्या एका वेगळ्या वारशाकडे सुज्ञ वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. हा वारसा दगडाचा किंवा धातूचा नाही. तो एका संख्येच्या रूपाने ग्रंथांत जपला गेला आहे. ती संख्या अशी :

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६

एकोणतीस अंकांची ही संख्या श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही परंपरांच्या ग्रंथांत आढळते. जिनागमातील जीवसंख्येच्या विवेचनात मनुष्यांची संख्या सांगताना ती आली आहे. स्वाध्यायात हा भाग आला की आपण बहुधा मोठ्या आदराने ती वाचतो आणि पुढे जातो. इतकी मोठी संख्या म्हणजे ‘पुष्कळ’ असेच आपले मन समजून घेते. परंतु ज्यांनी ती लिहिली त्यांना ‘पुष्कळ’ म्हणावयाचे नव्हते. त्यांना हीच संख्या, हिच्याहून एकानेही कमी नाही आणि एकानेही अधिक नाही, असे सांगावयाचे होते. तसे सांगण्यासाठी त्यांनी कोणती युक्ती योजली, पुढील आचार्यांनी ती संख्या कशी तपासली आणि ती आपल्यापर्यंत कशी पोहोचली, हा इतिहास जाणून घेण्याजोगा आहे.

व्यापारी गावाला गणिताचे वावडे कसले !

‘जालना सोने का पालना’ अशी म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मोंढ्यातील आडत, सरकी, धान्य, बियाणे आणि अलीकडच्या काळात लोखंडी सळई यांच्या व्यवहारावर हे गाव वाढले. आपल्या समाजातील जुन्या पिढीतील मंडळींना पाढ्यांबरोबरच पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी मुखोद्गत असत. पोत्यांचा भाव कागद-पेन्सिल न घेता तोंडी काढणारे मुनीम आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. रोकड आणि खतावणी यांचा मेळ दोन बाजूंनी बसल्याखेरीज दिवाळीचे वहीपूजन होत नसे. एकाच रकमेकडे दोन वेगळ्या मार्गांनी पोहोचणे आणि दोन्हींचे उत्तर एक आले तरच ती खरी मानणे, ही आपल्या पेढीची शिस्त होती. आगमातील संख्येची कथाही याच शिस्तीची कथा आहे.

अनुयोगद्वारातील तीन वर्णने

अनुयोगद्वार सूत्र हा श्वेतांबर आगमांतील प्रमाणविचाराचा महत्त्वाचा ग्रंथ. परंपरा त्याचा संबंध आर्यरक्षितांशी जोडते आणि इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत त्याची रचना मानली जाते. गर्भज मनुष्यांची जघन्यपदी, म्हणजे कमीत कमी, संख्या किती, हे सांगताना या सूत्राने तीन प्रकारांनी एकच राशी दाखविली आहे.

पहिला प्रकार स्थानांचा. ही संख्या तीन यमलपदांच्या वर आणि चार यमलपदांच्या खाली आहे. यमलपद म्हणजे आठ अंकस्थाने. अर्थात ती चोवीस स्थानांहून मोठी आणि बत्तीस स्थानांच्या आत आहे. दुसरा प्रकार वर्गांचा. सहाव्या वर्गाला पाचव्या वर्गाने गुणले असता ती मिळते. तिसरा प्रकार छेदांचा. ही राशी शहाण्णव वेळा अर्धी करता येते.

यांतील वर्गांचा प्रकार थोडा उलगडून पाहू. जैन परंपरेत गणनेच्या संख्येचा आरंभ एकापासून होत नाही, दोनापासून होतो. एकाने गुणले काय किंवा भागले काय, राशीत वाढ किंवा घट होत नाही, म्हणून एक हा मोजणीत धरलेला नाही. तेव्हा दोन ही पहिली संख्या. दोनाचा वर्ग चार, हा पहिला वर्ग. चाराचा वर्ग सोळा, हा दुसरा. सोळाचा वर्ग २५६, हा तिसरा. त्याचा वर्ग ६५,५३६, हा चौथा. त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६, हा पाचवा. आणि त्याचाही वर्ग १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६, हा सहावा.

शेवटच्या तीन राशींना दिगंबर ग्रंथांत स्वतंत्र नावेच आहेत : पण्णट्ठी, बादाल आणि एकट्ठी. ही नावे मोठी मौजेची आहेत. पण्णट्ठी म्हणजे पासष्ट, कारण ती राशी ६५ या अंकांनी सुरू होते. बादाल म्हणजे बेचाळीस, कारण तिची सुरुवात ४२ ने होते. एकट्ठी म्हणजे एक आणि आठ. पेढीवर लांबलचक रकमेचा उल्लेख तिच्या आरंभीच्या आकड्यांनी करावा, तसाच हा प्रकार आहे. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत गेल्यास चौसष्ट घरांत मिळून किती दाणे होतील, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्या दाण्यांच्या बेरजेत एक दाणा मिळविला की आपली एकट्ठी होते.

आता एकट्ठीला बादालाने गुणावे. एकट्ठी म्हणजे चौसष्ट वेळा दुप्पट केलेली राशी आणि बादाल म्हणजे बत्तीस वेळा दुप्पट केलेली. चौसष्ट आणि बत्तीस मिळून शहाण्णव. म्हणून गुणाकार शहाण्णव वेळा दुप्पट केलेला, आणि म्हणूनच तो शहाण्णव वेळा अर्धा करता येतो. सूत्रातील दुसरे व तिसरे वर्णन असे एकमेकांशी तंतोतंत जुळते. आजच्या शालेय भाषेत सांगावयाचे तर ही संख्या म्हणजे दोनाचा शहाण्णवावा घात होय.

चुकीला जागा न ठेवणारी संख्या

येथे एक प्रश्न मनात येतो. ताडपत्रावर लेखणीने कोरून किंवा बोरूने कागदावर उतरवून ग्रंथांच्या प्रती होत. लेखनिकाच्या हातून एक अंक इकडचा तिकडे झाला तर ? एकोणतीस अंकांत एखादा चुकणे मुळीच अशक्य नव्हते. कथेतील एखादा शब्द चुकला तर संदर्भावरून सुधारता येतो. अंकाचे तसे नसते. चुकीचा अंकही बरोबर अंकाइतकाच सरळ दिसतो.

या संख्येचे वैशिष्ट्य असे की तिचे वर्णनच तिचे रक्षण करते. शहाण्णव वेळा अर्धी होणारी सर्वांत लहान संख्या हीच. अशी पुढची संख्या हिच्या दुप्पट, आणि दुप्पट केली की ती तीस अंकांची होते. म्हणजे एकोणतीस स्थानांच्या सर्व संख्यांमध्ये शहाण्णव वेळा अर्धी होणारी संख्या एकच आहे, दुसरी नाही. ‘एकोणतीस स्थाने, शहाण्णव अर्धच्छेद’ एवढे चार शब्द कोणी लक्षात ठेवले, तरी सगळे अंक हरवले असता ते पुन्हा जसेच्या तसे मिळविता येतील.

उलट बाजूनेही पाहू. समजा, लेखनिकाने कोणताही एक अंक चुकविला. मग ती चुकलेली राशी अर्धी करीत गेल्यास फार तर एकतीस वेळा निमपट होईल आणि पुढे विषम संख्या समोर येऊन हिशेब अडेल. शेजारचे दोन वेगळे अंक एकमेकांच्या जागी पडले तरी तसेच. खरी राशी मात्र शहाण्णव पायऱ्या उतरून नेमकी एकावर येऊन थांबते.

ज्यांना इतका खटाटोप नको त्यांच्यासाठी दोन सोप्या कसोट्या आहेत. सर्व अंकांची बेरीज करावी, ती १२७ येते. १ + २ + ७ = १०, आणि १ + ० = १. दोनाचा सहावा घात ६४, त्याला नवाने भागले असता बाकी एक उरते, आणि शहाण्णव म्हणजे सोळा वेळा सहा. तेव्हा संपूर्ण राशीला नवाने भागले तरी बाकी एकच उरली पाहिजे, आणि ती तशीच उरते. दुसरी कसोटी अकराची. एकम् स्थानापासून एकाआड एक अंकांची बेरीज ७९ येते, मधल्या उरलेल्या अंकांची ४८. वजाबाकी ३१, अकराने भागता बाकी ९. इकडे दोनाच्या दहाव्या घाताला, म्हणजे १,०२४ ला, अकराने भागता बाकी एक. म्हणून नव्वद घात बाजूला ठेवले की उरतो सहावा घात, ६४, आणि त्याची अकराने भागून बाकी ९. रोकड आणि खतावणीचा मेळ बसला !

आणखी एक गोष्ट. शहाण्णव या आकड्याला दोनानेही भाग जातो आणि तिनानेही. म्हणून ही राशी एका पूर्ण संख्येचा वर्ग आहे आणि दुसऱ्या एका पूर्ण संख्येचा घनही आहे. ती ज्याचा घन आहे ती संख्या म्हणजे पाचवा वर्ग, आपला बादाल. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

वीरसेनांची परखड तपासणी

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन. तेथील दात्यांची नावे सांची आणि भारहुत येथील शिलालेखांत आढळतात. सातवाहनांनंतर काही शतकांनी हा सारा मुलूख राष्ट्रकूटांच्या सत्तेखाली आला. वेरूळची तीस ते चौतीस क्रमांकांची जैन लेणी आपण यात्रेच्या निमित्ताने पाहतो. ती प्रामुख्याने याच काळातील. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष इसवी सन ८१४ मध्ये सिंहासनावर आला. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. १९५६ पर्यंत जालना आणि मळखेड ही दोन्ही गावे एकाच हैदराबाद राज्यात होती, हे आज अनेकांच्या लक्षात नसते. अमोघवर्षाच्याच काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात एकम्, दशम् पासून महाक्षोभापर्यंत चोवीस अंकस्थानांची नावे दिली आहेत. आपली संख्या एकोणतीस स्थानांची, म्हणजे त्या नामावळीच्याही पाच घरे पुढची.

याच राजवटीच्या काळात आचार्य वीरसेनांनी षट्खंडागमावरील ‘धवला’ ही विस्तृत टीका लिहिली. ती इसवी सन ८१६ मध्ये पूर्ण झाल्याचे मानले जाते. धवलेत अर्धच्छेदांचे गणित फार स्पष्ट मांडले आहे. एखादी राशी जितक्या वेळा अर्धी होते ती संख्या म्हणजे तिचे अर्धच्छेद. दोन राशींचा गुणाकार केला की त्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज होते, भागाकार केला की वजाबाकी होते. तिनाने भागत गेल्यास त्रिकच्छेद, चाराने भागत गेल्यास चतुर्थच्छेद. पुढे इसवी सन १६१४ मध्ये युरोपात नेपिअरने लॉगरिदम प्रसिद्ध केले, त्याच्या मुळाशी हाच नियम आहे. धवलेत नेपिअरसारखी कोष्टके नाहीत, आणि ती होती असे म्हणण्याचे कारणही नाही. परंतु गुणाकाराचे काम बेरजेवर आणण्याची कल्पना तेथे निःसंशय आहे.

अशा गणितज्ञ आचार्यांपुढे मनुष्यसंख्येचा प्रश्न आला. षट्खंडागमाच्या सूत्रात पर्याप्त मनुष्यांची संख्या दोन मर्यादांनी सांगितली आहे. ती सहाव्या वर्गाच्या वर आणि सातव्या वर्गाच्या खाली आहे. तसेच ती कोडाकोडाकोडीच्या वर आणि कोडाकोडाकोडाकोडीच्या खाली आहे. कोटीला कोटीने तीन वेळा मांडून गुणले की एकावर एकवीस शून्ये, चार वेळा मांडून गुणले की एकावर अठ्ठावीस शून्ये. एकावर अठ्ठावीस शून्ये ही संख्याही एकोणतीस अंकांचीच. परंतु आपली संख्या ७ ने सुरू होते, म्हणजे ती या वरच्या मर्यादेच्या जवळजवळ आठपट आहे. स्थाने सारखी, पण राशी मर्यादेबाहेर !

वीरसेनांनी ही विसंगती झाकली नाही. परंपरेने सांगितली जाणारी एकोणतीस अंकी संख्या त्यांनी मांडली, ती सूत्राच्या मर्यादेत बसत नाही हे दाखविले, आणि पुढे जाऊन मनुष्यक्षेत्राच्या क्षेत्रफळाचा हिशेब करून एवढे मनुष्य त्या क्षेत्रात मावू शकत नाहीत, म्हणून ती संख्या स्वीकारता येत नाही, असे प्रतिपादन केले.

त्या धर्तीवर आपणही एक ढोबळ हिशेब करून पाहू. अढाई द्वीपांचा व्यास ४५ लक्ष योजने. ग्रंथांत परिघासाठी व्यासाला दहाच्या वर्गमूळाने गुणतात. त्यानुसार परिघ १,४२,३०,२४९ योजने आणि क्षेत्रफळ १,६०,०९,०३,०१,२५,००० चौरस योजने, म्हणजे सुमारे १६ लक्ष कोटी. चोवीस अंगुलांचा हात, चार हातांचे धनुष्य, दोन हजार धनुष्यांचा कोस आणि चार कोसांचे योजन. अर्थात एका योजनाची ७,६८,००० अंगुले. दिगंबर परंपरेप्रमाणे द्वीप-समुद्र मोजण्याचे प्रमाणयोजन याच्या पाचशेपट. या मापाने सर्व क्षेत्राची चौरस अंगुले काढून त्यांस आपल्या संख्येने भागले, तर प्रत्येक मनुष्याच्या वाट्याला सुमारे तीस चौरस अंगुले जागा येते. एका चौरस हातात ५७६ चौरस अंगुले असतात. म्हणजे दोन पावले धड टेकतील एवढीही जागा उरत नाही. आणि यातून लवणसमुद्र आणि कालोदधी अद्याप वजा केलेले नाहीत. वीरसेनांच्या विवेचनात याहून अधिक बारकावे आहेत, परंतु त्यांच्या आक्षेपाचे वजन एवढ्यावरूनही ध्यानात येते.

नेमिचंद्रांनी अक्षरांत गुंफलेले अंक

वीरसेनांनी असे म्हटल्यावर ती संख्या ग्रंथांतून नाहीशी झाली काय ? नाही. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात, श्रवणबेळगोळची गोम्मटेश्वराची मूर्ती उभी करणाऱ्या चामुंडरायाचे गुरू आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांनी ‘गोम्मटसार’ रचला. त्यांनी धवलेचे सार जाणूनच हा ग्रंथ लिहिला. तरीही जीवकांडात पर्याप्त मनुष्यांची संख्या पाचव्या वर्गाच्या घनाइतकी आहे, असे त्यांनी नोंदविले. पाचव्या वर्गाचा घन म्हणजे बत्तीस गुणिले तीन, पुन्हा शहाण्णव. श्वेतांबर सूत्रात सहावा वर्ग गुणिले पाचवा, दिगंबर ग्रंथात पाचव्याचा घन. वाटा दोन आणि मुक्काम एकच.

याच ठिकाणी संपूर्ण एकोणतीस अंक एका गाथेत अक्षरांनी सांगितले आहेत. पद्धत अशी : क पासूनची नऊ व्यंजने १ ते ९, ट पासूनची नऊ १ ते ९, प पासूनची पाच १ ते ५ आणि य पासूनची आठ १ ते ८. न म्हणजे शून्य. अंक वाचावयाचे ते एकम् स्थानापासून, उजवीकडून डावीकडे. संख्येच्या शेवटी ०३३६ आहे. म्हणून गाथेच्या आरंभी अनुक्रमे त, ल, ल आणि न ही व्यंजने येतात. संख्येच्या आरंभी ७९ आहे; म्हणून गाथेतील संख्यावाचक अक्षरे झ आणि स यांनी संपतात. मध्ये ‘मेरू’ हा शब्द येतो. केवळ पाठ करणाऱ्याला तेथे पर्वत दिसतो, हिशेब करणाऱ्याला म म्हणजे ५ आणि र म्हणजे २ दिसतात. प्रस्तुत लेखकाने सर्व एकोणतीस अक्षरे एकेक करून ताडून पाहिली. एकही अंक चुकलेला नाही. हजार वर्षांत या गाथेच्या किती प्रती झाल्या असतील, किती लेखनिकांचे हात तिच्यावरून फिरले असतील ! गाथेच्या वृत्ताने अक्षरे सांभाळली आणि शहाण्णव अर्धच्छेदांनी अंक सांभाळले.

येथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावयास हवी. वीरसेनांचा आक्षेप पुढील काळात कोणी खोडून टाकला नाही, आणि एकोणतीस अंकी संख्याही कोणी पुसली नाही. दोन्ही मते ग्रंथांत शेजारी शेजारी राहिली. अनेकांताचा उच्चार आपण व्याख्यानांत वारंवार ऐकतो. पटत नसलेले मत आधी नेमके उतरवून घ्यावे, मग आकड्यांनिशी आपला आक्षेप सांगावा, आणि दोन्ही पुढच्या पिढीच्या हाती द्यावे, हे त्याचे ग्रंथगत उदाहरण आहे.

मूडबिद्रीहून अमरावतीपर्यंत

धवलेची प्राचीन ताडपत्रे दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्री येथे जपली गेली होती. अनेक शतके ती केवळ दर्शनाची वस्तू होती. भाविक नमस्कार करीत, परंतु आत काय आहे हे वाचणारे जवळजवळ उरले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे हिराचंद नेमचंद यांच्यासारख्या मंडळींनी या ग्रंथांच्या प्रती व्हाव्यात म्हणून प्रयत्न केले. प्रती झाल्या, हळूहळू बाहेर आल्या, आणि अखेरीस १९३९ मध्ये धवलेचा पहिला मुद्रित भाग प्रसिद्ध झाला. तो प्रसिद्ध झाला आपल्या शेजारच्या वऱ्हाडात, अमरावतीहून. तेथील किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करणारे डॉ. हिरालाल जैन हे संपादक होते. पुढील सुमारे वीस वर्षांत सोळा भागांत हे काम पूर्ण झाले. त्यातील चौथ्या भागात लखनौ विद्यापीठाचे गणितज्ञ डॉ. अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतील गणितावरील लेख आहे. त्यापूर्वी १९२९ मध्ये कलकत्त्याचे बिभूतिभूषण दत्त यांनी जैन गणितावरील आपल्या निबंधात अनुयोगद्वारातील या संख्येकडे विद्वानांचे लक्ष वेधले होते. महावीराचार्यांचा गणितसारसंग्रह मद्रास येथे १९१२ मध्ये प्रा. रंगाचार्यांनी संपादित केला, आणि त्याची हिंदी अनुवादासह आवृत्ती १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने प्रकाशित केली.

अमरावती आणि सोलापूर ! आपल्या दोन्ही बाजूंची ही गावे. गणिताचा हा ठेवा जगापुढे आला तो व्यापारी समाजाच्या दानातून आणि मोजक्या पंडितांच्या कष्टातून. ताडपत्रे पेटीतच राहिली असती तर वीरसेनांचा आक्षेपही आपणास कळला नसता.

संगणकाच्या युगात

आपल्या समाजातील अनेक मुले-मुली आज पुणे, हैदराबाद आणि परदेशात संगणकक्षेत्रात काम करतात. त्यांच्यापैकी जे मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट प्रणालीत काम करतात त्यांनी एक गंमत अवश्य पाहावी. पैशांच्या अचूक हिशेबासाठी त्या प्रणालीत ‘डेसिमल’ नावाचा संख्याप्रकार आहे. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या आपल्या या एकोणतीस अंकी संख्येहून केवळ एकाने कमी आहे, शेवटी ३३६ ऐवजी ३३५. कारण उघड आहे. संगणक दोनाच्याच पटीत मोजतो, आणि त्या प्रकारातील अंकांसाठी शहाण्णव बिटांची जागा राखलेली आहे. शहाण्णव बिटे म्हणजे शहाण्णव अर्धच्छेद.

यावरून ‘संगणक आमच्या आगमातूनच निघाला’ असे कोणी म्हणू लागेल, तर ते योग्य होणार नाही. दोनाने दुप्पट करीत जाणाऱ्या कोणालाही शहाण्णवाव्या पायरीवर हीच संख्या भेटणार. गणिताचे सत्य कोणा एकाच्या मालकीचे नसते. तसेच २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पृथ्वीवरील लोकसंख्या आठशे कोटींवर गेल्याचे संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केले. आगमातील संख्या ही अढाई द्वीपांच्या विश्वरचनेतील आहे, आजच्या जनगणनेशी तिची सांगड घालणे हा वीरसेनांच्या काटेकोरपणाचा अपमान ठरेल. अभिमान बाळगावयाचाच असेल तर तो याचा बाळगावा की आपल्या पूर्वसूरींनी मोठी संख्या उच्चारण्याची जबाबदारी ओळखली. तीन प्रकारांनी तिचे वर्णन केले, अक्षरांत ती बांधली, आणि आपल्याच परंपरेतील राशी हिशेबात बसत नाही असे दिसताच तसे लिहून ठेवण्याचे धैर्य दाखविले.

पाठशाळेसाठी एक सूचना

सुवर्णमहोत्सवी वर्षात अनेक संकल्प होतील. त्यात एका लहानशा संकल्पाची भर घालावीशी वाटते. पाठशाळेतील विद्यार्थ्यांना ही संख्या फळ्यावर लिहून द्यावी आणि ती अर्धी करीत जाण्यास सांगावे. पहिल्या पायरीवर ३९,६१,४०,८१,२५,७१,३२,१६,८७,९६,७७,१९,७५,१६८ मिळेल. पुढच्या पंचाण्णव पायऱ्या मुलांनी वाटून घ्याव्यात. कोणाची चूक झाली तर ती लपून राहणार नाही. पुढे कोठेतरी विषम संख्या उभी राहील आणि मागे जाऊन शोधावे लागेल. ज्या दिवशी शेवटच्या मुलाच्या पाटीवर १ हा अंक उरेल, त्या दिवशी त्याला अर्धच्छेद म्हणजे काय हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

आणि मोठ्यांसाठीही एक विनंती. जालना, अंबड, परतूर, भोकरदन या परिसरातील जुन्या घरांत, मंदिरांत आणि स्थानकांत रेशमी वस्त्रांत बांधलेली हस्तलिखिते असतील, तर पर्युषणात त्यांची पूजा होतच असेल. या वर्षी एकदा ती सोडून पाहावीत, पाने मोजावीत, जाणकारांकडून नाव आणि विषय लिहून घ्यावा आणि त्याची एक यादी आपल्या ट्रस्टच्या दप्तरी ठेवावी. मूडबिद्रीच्या पेट्या उघडण्यास शतके लागली. आपल्या कपाटांना तितका उशीर होऊ नये.

जय जिनेंद्र.